सोनमातीचा किल्ला

घर विकायला काढलं की घेणाऱ्यांच्या बाजूनं एक इन्स्पेक्टर येतो. तो नळ सोडून बघतो, खिडक्यांची उघडझाप करतो आणि आपण चाळीस वर्षं ज्या घरात सुखानं राहिलो, त्याच्या खोडी आपल्यालाच वाचून दाखवतो. आमच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरी आलेला माणूस पन्नाशीचा, मितभाषी होता. बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये शिडी लावून त्यानं माळ्याची झडप वर ढकलली, टॉर्चसकट डोकं आत घातलं आणि झोत कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरवला. मग खाली उतरला, झडप पुन्हा घट्ट बसवली आणि मला विचारलं, "वर कोणी जातं का?"

"नाही," मी म्हटलं.

"नुकतंच कोणीतरी गेलंय. एका कोपऱ्यात खरवडून काढलेलं दिसतंय. बादलीभर तरी असेल."

मी हसले. मला अजून आठवतं, मी चक्क हसले. "ते माझे वडील. आमच्या दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात. त्याला लागते ती."

तो हसला नाही. म्हणाला, ही माती नव्हे, व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिज आहे. घर गरम राहावं म्हणून जुन्या काळी घरांच्या माळ्यांवर ओतायचे. त्यातल्या बऱ्याच मालात अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेला असतो. तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही, पण आहे असंच धरून चालायचं. हात लावायचा नाही, झाडायचं नाही, व्हॅक्यूम तर मुळीच नाही. "ती बादली कुठे आहे?" त्यानं विचारलं.

बादली गराजमध्ये होती. आदल्या संध्याकाळी माझी नऊ वर्षांची मुलगी तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. "ममा, लुक, गोल्ड," असं म्हणत तिनं दोन्ही तळवे पुढे केले आणि मी फोन काढून तिचा फोटो घेतला. मागे स्टुलावर बाबा बसलेले, खुशीत. मी तो फोटो दहाबारा जणांना पाठवलासुद्धा होता.

मी हायस्कुलात केमिस्ट्री शिकवते. गेली वीस वर्षं. लॅबमधल्या जुन्या तारेच्या जाळ्यांवर पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, हे दर सप्टेंबरात नव्या मुलांना सांगते, तोंडं वेडीवाकडी करून सांगते. आणि स्वतःच्या घरात हातभर अंतरावर तेच असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. अशा वेळी माणसाला रडू येत असेल. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आमची वसाहत न्यू जर्सीत, एडिसनपासून अर्ध्या तासावर. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी ती घाईघाईनं उभी केलेली. घरं शेकडो, पण नकाशे दोनच: एकात स्वयंपाकघर डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात स्कूलबसमधून उतरून मी पलीकडच्या गल्लीतल्या हुबेहूब तशाच घरात शिरले आणि सरळ फ्रिज उघडला. त्या घरातल्या आजीबाईंनी मला ग्लासभर दूध दिलं, मग पत्ता विचारला. वसाहतीतल्या सगळ्या मुलांना सगळ्या घरांच्या आतल्या वाटा पाठ होत्या. कोणाच्याही घरी गेलं तरी बाथरूम कुठे, हे विचारावं लागत नसे.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहत. ते स्वतः त्या युद्धातून परतलेले, आणि त्या गल्लीतले पहिल्यापासूनचे एकमेव रहिवासी. दर शनिवारी सकाळी नऊला ते लॉन कापत आणि बाकीच्यांनीही कापावं अशी त्यांची अपेक्षा असे. आमच्या तिथल्या पहिल्या दिवाळीत बाबांनी किल्ल्याच्या मातीसाठी घरापुढचं लॉन फावड्यानं उकरलं. बाबा पुण्याचे. दिवाळीला दारात किल्ला नाही ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. अर्ध्या तासात शेजारचे आजोबा टोपी काढून, गंभीर चेहऱ्यानं आमच्यापाशी आले आणि त्यांनी विचारलं, "कुत्रा गेला का?" बाबांनी त्यांना शिवकालापासून सुरुवात करून सगळं समजावलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि उकरलेलं गवत स्वतःच्या हातांनी परत लावून दिलं. पुन्हा लॉनला हात लावू नका, एवढंच म्हणाले.

मग माती आणायची कुठून? पुढच्या वर्षी बाबा बाथरूमच्या पंख्याची वायर बघायला माळ्यावर चढले आणि खाली आले ते डोक्यावरची लोकरी टोपी उलटी धरून. टोपीत सोनेरी, चंदेरी, तपकिरी असे हलके हलके खडे होते. फुंकर मारली की उडत, बोटांत चुरडले की त्यांचे चमचमते पापुद्रे होत. मी इतकी सुंदर वस्तू तोवर पाहिली नव्हती. बाबा सावध माणूस. ते टोपी घेऊन शेजारी विचारायला गेले. आजोबा म्हणाले, बिनधास्त वापरा, मी स्वतः एका हिवाळ्यात पोती भरभरून माझ्या माळ्यावर ओतलंय. हे जळत नाही, कुजत नाही, याच्यात उंदीर होत नाहीत. घरातली सगळ्यात चांगली वस्तू आहे ही.

आम्ही तिचं नाव ठेवलं सोनमाती.

आई नागपूरची. तिच्या माहेरी किल्ला वगैरे काही नव्हतं, आणि पहिल्या वर्षी तिनं बाबांची भरपूर थट्टा केली. "पुण्याच्या लोकांना दिवाळीत फराळ करायचा कंटाळा, म्हणून ढिगारे करत बसतात," असं ती म्हणायची. पण सोनमाती आली आणि ती पुरती पाघळली. त्या मातीत अळीव पेरले की तिसऱ्या दिवशी हिरवेगार कोंब वर येत. लॉनमधल्या मातीत कधी आले नसते असे. किल्ल्याचा डोंगर म्हणजे खोकी, विटा आणि पाण्यात कालवलेली सोनमाती. पण वरच्या पायवाटांना, महाराजांच्या सिंहासनापुढच्या अंगणाला बारीक पूड लागायची. ती पूड आई चाळून द्यायची. जुनी पिठाची चाळणी तिनं त्यासाठीच ठेवलेली होती. गराजमध्ये पाटावर बसायची, पदर खोचायची, मूठमूठ सोनमाती चाळणीत घेऊन तळहातानं घासायची, आणि खाली पेपरवर सोन्याची रास पडायची. हवेतही सोनं उडायचं. दिव्याच्या उजेडात ते दिसायचं आणि आम्ही मुलं त्यात हात फिरवायचो. बाहेर थंडी असायची, म्हणून गराजचं दार बंद.

शनिवारी गावोगावची मराठी कुटुंबं किल्ला बघायला यायची. फराळ व्हायचा, मुलं मावळे मांडायची, तोफेवरून भांडायची. निघताना आई प्रत्येक मुलाच्या हातात सोनमातीची एकेक छोटी पिशवी द्यायची. घरी अळीव पेरायला. किती मुलं, किती वर्षं, किती पिशव्या, ते मला त्या सकाळी पॅसेजमध्ये उभं राहून आठवेना, आणि आठवायचं थांबवताही येईना. दिवाळी झाली की किल्ला मोडायचा. मोडायचं काम आमचं, झाडायचं आईचं. ती केरसुणी घेऊन शेवटचा कणही गोळा करायची, कारण बाबा ती माती पुढच्या वर्षीसाठी परत माळ्यावर नेऊन टाकत. असं मी कॉलेजला जाईपर्यंत चाललं. म्हणजे बारा वर्षं.

इन्स्पेक्टरनं बादलीला झाकण लावलं, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली. मला म्हणाला, एका संध्याकाळीत काही होईल असं मला वाटत नाही, पण मुलीच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. भला माणूस होता. त्यानं सहज विचारलं, "किल्ला पहिल्यांदाच करताय ना?"

मला त्याच्या प्रश्नाऐवजी सहा वर्षांपूर्वीचा दुसरा प्रश्न ऐकू येत होता.

सहा वर्षांपूर्वी आईच्या फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला तिघांना समोर बसवून विचारलं होतं: यांनी कधी गिरणीत, गोदीत, बांधकामावर काम केलंय का? अ‍ॅस्बेस्टॉसशी कधी संबंध आलाय का? हा आजार बहुतेक वेळा त्यातूनच येतो, आणि यायला तीसचाळीस वर्षं लागतात. आई म्हणाली, मी तर घरीच असते. बाबांनी डोळे मिटून विचार केला. ते पाण्याच्या पंपांचे इंजिनियर. कारण सापडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आणि मग ते म्हणाले, "हिच्या माहेरचं छप्पर. सिमेंटचे पत्रे. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो."

डॉक्टर म्हणाले, शक्य आहे. आई मात्र खुर्चीत ताठ झाली. "आमच्या घरावर नका हो ढकलू," ती मराठीत म्हणाली. "माझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी घातलंय ते छप्पर."

बाबांनी ऐकलं नाही. आई गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी नागपूरला मामाला फोन केला. मामा आईचा धाकटा भाऊ, आजही त्याच घरात राहतो. बाबांनी त्याला सगळं शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. मी शेजारीच बसले होते आणि त्यांना थांबवलं नाही, कारण मलाही ते पटलेलं होतं. मामानं पंधरा दिवसांत सगळं छप्पर काढून टाकलं. तेव्हापासून दर फोनवर, इकडचं तिकडचं बोलून झालं की तो एकदा तरी म्हणतोच, "माझ्या घरानं नेलं गं तिला." मी म्हणते, असं नको म्हणू मामा. पण खोटं आहे ते, असं मी कधी म्हटलं नाही.

बाबा आणि माझी मुलगी एडिसनच्या देशी बाजारात, ओक ट्री रोडला गेले होते, मावळे आणि पणत्या आणायला. घर विकून बाबा आमच्याकडे श्रूजबरीला राहायला येणार होते, म्हणून या गराजमधला हा शेवटचा किल्ला. ते परतायच्या आत इन्स्पेक्टर गेला पाहिजे, असं मी ठरवलं. आई गेलेलीच आहे. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला आता हे सांगून काय मिळणार? मी इन्स्पेक्टरला म्हटलं, वडिलांना मी सांगेन. तो गेला आणि मी किचनमध्ये बसून खोटं काय सांगायचं ते तयार केलं. मध्येच मामाचा आवाज आठवायचा आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. बाबांना वाचवायचं तर मामाला त्या छपराच्या दोषाखाली मरेपर्यंत बसवून ठेवायचं, एवढाच त्या खोट्याचा अर्थ होता. तरी मी ते तयार केलं.

गाडी आली. मुलगी धावत आत आली. हातात कागदात गुंडाळलेले महाराज. "ममा, वी गॉट द किंग! आजोबांनी हॉर्ससुद्धा घेतला." मी तिला सांगितलं, आधी आंघोळ, डोक्यावरून. ती म्हणाली, "बट व्हाय? इट्स मॉर्निंग." माझा आवाज कसा होता कोण जाणे, ती सरळ वर आंघोळीला गेली.

बाबा गराजमध्ये गेले आणि दोनच मिनिटांत परत आले. "अगं, बादलीला टेप कोणी लावली?"

"इन्स्पेक्टरनं. बाबा, ती माती वापरायची नाही म्हणाला. उंदरांची घाण आहे तिच्यात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "या माळ्यावर चाळीस वर्षांत उंदीर नाही."

"आता झालेत."

"होत नाहीत तिच्यात उंदीर," ते म्हणाले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. लहानपणी माझा गणिताचा पेपर बघताना बसायचे, तसे. "तुझा चेहरा बघ जरा. काय झालंय ते स्पष्ट सांग."

तयार केलेलं सगळं तिथेच संपलं. मी व्हर्मिक्युलाइट म्हटलं, आणि मग दुसरा शब्द. एवढंच बोलले. बाबांना आणखी समजावायची गरज नव्हती; सहा वर्षांपूर्वी त्यांनी या विषयावरचं मिळेल ते सगळं वाचलं होतं.

वर शॉवरचा आवाज येत होता. बाबांच्या हातात अळिवाची पुडी होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता, आईच्या वेळीही नाही. तेव्हा दुःख होतं. या वेळी ते घाबरलेले होते.

"ती चाळायची," ते म्हणाले.

"हो."

"एकदा म्हणाली होती, दार जरा उघडं ठेवू या, नाकात जातंय. मी म्हटलं, मुलांना थंडी वाजेल."

मला ते आठवत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, नक्की काही माहीत नाही. टेस्ट व्हायची आहे. छपराचंही असू शकतं."

"छपराखाली तिचा भाऊ सत्तर वर्षं राहिला. तो ठणठणीत आहे." बाबांनी चष्मा काढला. "हे मला तेव्हाच दिसायला पाहिजे होतं. मी बघितलंच नाही. मला दुसऱ्या कोणाचं तरी घर हवं होतं."

मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला, रागानं नव्हे, मनगटावरचं घड्याळ बघायला. अकरा वाजले होते.

"नागपूरला साडेआठ झाले असतील ना? जेवण झालं असेल त्याचं."

"बाबा, आज नको. टेस्ट तरी होऊ दे."

"मी त्याला सांगताना कोणती टेस्ट केली होती?" ते म्हणाले. "लाव फोन. स्पीकरवर लाव, मला ऐकू येत नाही नीट."

मी फोन लावला. मागे टीव्हीवर बातम्या चाललेल्या. मामाचा आवाज नेहमीसारखा, आनंदी आणि मोठा, कारण त्यालाही हल्ली कमी ऐकू येतं. "बोला भाऊजी. दिवाळीची तयारी झाली का? किल्ला करताय म्हणे, फोटो आला."

बाबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"तुझं छप्पर नव्हतं रे," ते म्हणाले. "माझा किल्ला होता."

पलीकडे बातम्या मोठ्यानं चालूच होत्या. मग मामा म्हणाला, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं बोला."

बाबांनी श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा, या वेळी ओरडून सांगितलं.